नंबर लपवला ‘पाहुण्यांच्या खाजगीपणासाठी’, आणि पाहुणे अडकले ताम्हिणीत

कड्यावरचा | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आंजर्ल्यात आमचं घरगुती राहण्याजेवणाचं आहे. चार खोल्या, मागे सुपारीची वाडी, पुढे दहा मिनिटांवर समुद्र. गेली सहा वर्षं निम्मी गिऱ्हाइकं एका मोठ्या बुकिंग पोर्टलवरून येतात. नाव लिहीत नाही, कारण पोट त्यांच्यावरच आहे. या पोर्टलने मध्यंतरी पाहुण्यांचे फोन नंबर आम्हाला दाखवणं बंद केलं. कारण काय, तर ‘पाहुण्यांच्या खाजगीपणाची काळजी’. बोलायचं ते त्यांच्या ॲपमधून. तिथे कुणी दहा आकडी नंबर लिहिला की त्याच्या जागी फुल्या उमटतात.

जुलैत पुण्याचं एक कुटुंब यायचं होतं, सोबत सत्तरीच्या आजी. सकाळी साडेसातला माणगावहून मेहुण्याचा फोन, ताम्हिणीत दरड आली म्हणून. मी लगेच ॲपमध्ये लिहिलं, ‘ताम्हिणीने येऊ नका, निघाला असाल तर मला या नंबरवर फोन करा.’ नंबराच्या फुल्या झाल्या. निरोप त्यांनी वाचला दुपारी दीडला, तोवर चार तास गाडी एका जागी. आजींची जेवणाआधीची गोळी डिकीतल्या बॅगेत, बाहेर मुसळधार. रात्री नऊला पोचले आणि पहिलं वाक्य, “अहो, एक फोन नाही का करायचा?”

काय सांगणार कपाळ?

पण खरी गंमत पुढेच. जेवताना त्यांची मुलगी म्हणाली, तुमच्याकडचं बुकिंग केल्यापासून विमानाच्या तिकिटांचे आणि विम्याचे मेसेज सुरू झालेत. पाठवणारी कंपनी त्याच पोर्टलची बहीण. म्हणजे नंबर माझ्यापासून लपलेला, बहिणीपासून नाही!

चिडून पोर्टल सोडायचं ठरवलं. तिथे माझ्या घराचे दोनशेच्या वर अभिप्राय आहेत. ते दुसरीकडे न्यायचे कसे, म्हणून विचारलं. उत्तर आलं, ‘अभिप्राय देणाऱ्यांच्या खाजगीपणामुळे शक्य नाही.’ जो अभिप्राय टिंबक्टूतला माणूसही उघडून वाचू शकतो, तो मी माझ्या दाराशी चिकटवला तर कुणाचा खाजगीपणा जातो?

तेव्हापासून युरोपातल्या बातम्या वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागलो. तिथे डिजिटल मार्केट्स ॲक्ट नावाचा कायदा मोठ्या कंपन्यांना म्हणतो, दुसऱ्यांची ॲपं, घड्याळं तुमच्याशी जोडू द्या. कंपन्या म्हणतात, दार उघडलं तर लोकांचा खाजगीपणा जाईल. माझ्या अनुभवावरून मला ही शुद्ध थाप वाटते. पण मी पडलो भातामाशाचा माणूस. जाणकारांनी सांगावं.

तांबडी माती | रात्री ९.५२

+१. आजी बऱ्या आहेत ना?

कड्यावरचा | रात्री ९.५५

ठणठणीत. दुसऱ्या दिवशी मोदकाला कळ्या कशा पाडतात ते आमच्या हिला शिकवून गेल्या.

सुरंगी | रात्री १०.४०

मी मूळची गुहागरची, पुण्यात मोबाइल ॲप बनवण्याच्या कामात आहे. थोडं सविस्तर लिहिते.

कायदा २०२२ चा. सप्टेंबर २०२३ मध्ये सहा कंपन्यांना ‘गेटकीपर’ ठरवलं: अल्फाबेट (म्हणजे गुगल), ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स (टिकटॉकवाली), मेटा (फेसबुक-व्हॉट्सॲपवाली) आणि मायक्रोसॉफ्ट. ७ मार्च २०२४ पासून त्यांना त्यातले नियम लागू झाले. गेटकीपरला मराठीत द्वारपाल म्हणावं तर देवळाबाहेरचे जय-विजय डोळ्यांसमोर येतात, आणि एका अर्थी तेही बरोबरच आहे. आत कोण जाणार हे तेच ठरवतात.

दुसऱ्यांना असं जोडून घेण्याला इंटरऑपरेबिलिटी म्हणतात. त्यावरची भांडणं दोन प्रकारची आहेत आणि लोक ती एकत्र कालवतात.

पहिलं मेसेजचं. व्हॉट्सॲपने दुसऱ्या ॲपवरच्या माणसाचा निरोप घ्यायचा आणि त्याला पाठवायचा, जसं जीमेलवरून याहूवर मेल जातो तसं. आधी दोन माणसांमधले मेसेज, फोटो, फायली. मग ग्रुप, सगळ्यात शेवटी कॉल. महत्त्वाची गोष्ट ही की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला वाचता न येणं, शाबूत ठेवूनच हे करायचं असं कायद्यातच लिहिलंय. ‘कायद्यामुळे कुलूप काढावं लागेल’ असं कुणी म्हणालं तर त्याने कायदा वाचलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने युरोपात बर्डीचॅट आणि हायकेट या दोन ॲपांसाठी ही सोय सुरू करत असल्याचं जाहीर केलं. ही नावं तुम्ही कधी ऐकली नसतील. मीही नव्हती ऐकली.

दुसरं भांडण फोनचं, आणि ते जास्त कडाक्याचं. आयफोनवर आलेल्या आयमेसेजला ॲपलच्या घड्याळावरून उत्तर देता येतं. दुसऱ्या कंपनीच्या घड्याळावर तो नुसता वाचायचा. हेडफोन डबीतून काढले की फोनवर आपोआप ‘जोडू का’ असं विचारणारं चित्र येतं, तेही ॲपलच्या स्वतःच्या वस्तूंचं जितकं सुखाचं तितकं दुसऱ्यांचं नाही. १९ मार्च २०२५ ला युरोपीय आयोगाने ॲपलला अशा नऊ गोष्टी इतरांसाठी उघडायला सांगितल्या. ॲपल कोर्टात गेली. खाजगीपणाचं कारण देऊन काही सोयी तिने युरोपात दिल्याच नाहीत. आयफोनचा पडदा मॅकवर दाखवणारी सोय त्यातलीच एक.

मात्र ॲपलचं म्हणणं सरसकट थाप म्हणून उडवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये तिने जाहीर केलं की या कायद्याखाली सगळ्यात जास्त, १५ मागण्या मेटाने केल्यात, आणि त्या सगळ्या मान्य केल्या तर मेटाला लोकांचे मेसेज, कॉल, फोटो बघता येतील. मेटाने अर्थातच हे झटकून टाकलं. पण मेटाचा इतिहास बघा. २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेताना फेसबुकने युरोपला सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती खात्रीने आपोआप जुळवणं आम्हाला जमणार नाही. २०१६ मध्ये जुळवायला सुरुवात. आयोगाने चौकशी केली तर तांत्रिक शक्यता २०१४ मध्येही होती आणि कंपनीच्या लोकांना ती माहीत होती. मे २०१७ मध्ये चुकीची माहिती दिल्याबद्दल ११ कोटी युरो दंड.

तेव्हा मेटाला दार उघडायचं का, यावर ॲपल घाबरवत असेल, पण बागुलबुवा अगदीच कागदाचा नाही.

माशाचा सार | रात्री ११.०५

माका येक सांगा. कुलूप तेंचा, चावी तेंची, आणि घर मात्र तुमचा म्हणतत. असला कसला घर रे?

हर्णैकर | रविवार, सकाळी ६.१५

रात्री वाचलं, आत्ता बंदरावरून लिहितोय, लिहिण्यात चूकभूल माफ.

आमच्या बोटीवर व्हीएचएफ सेट आहे, आम्ही त्याला वायरलेसच म्हणतो. सेट कुठल्याही कंपनीचा घ्या, सोळा नंबर चॅनल म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. संकटाची हाक जगभर त्याच्यावर. आमची बोट, गुजरातची बोट, मालाचं परदेशी जहाज, तटरक्षक, सगळे एकमेकांना ऐकतात. ‘आमच्या कंपनीच्या सेटवरूनच मदत मागा’ असं कुणी म्हणालं असतं तर किती तांडेल (बोटीचे म्होरके) बुडाले असते?

आता याची दुसरी बाजू. सोळावर बोललेलं सगळा दर्या ऐकतो. म्हणून म्हावरा कुठे लागला हे शहाणा माणूस वायरलेसवर सांगत नाही. आमच्या आजोबांचा तांडेल “सासरी आलोय” म्हणायचा, म्हणजे एका ठरावीक खडपाजवळ. “सासू रागावलीय” म्हणजे जाळं रिकामं. एकदा शेजारच्या बोटवाल्याला हे कळलं आणि आमच्या आधी तोच सासरी जाऊन बसला.

सेट जुळतात ही चांगलीच गोष्ट. काय बोलायचं ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. या पोर्टलवाल्यांनी तुमच्या बाबतीत उलटं केलंय. सेट जुळू दिला नाही आणि काय बोलायचं तेही तेच ठरवणार.

आता उपग्रहाचे ट्रान्सपॉन्डर आलेत, बोटीची जागा कळवणारी आणि निरोप देणारी-घेणारी यंत्रं. तंत्र इस्रोचं, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरुवात झाली, देशभर एक लाख बोटींवर बसवायची योजना आहे. वादळाचा इशारा येतो, संकटात निरोप पाठवता येतो, नाही म्हणत नाही. पण आमच्या बंदरात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, बोट कुठे उभी आहे ते अजून कुणाकुणाला दिसणार? सरकारला दिसू दे. शेजारच्या मोठ्या पर्ससीन जाळ्याच्या बोटवाल्याला नको.

रायवळ | सकाळी ८.३०

हर्णैकर, ‘सासू रागावलीय’ला दंडवत.

खाजगीपणाच्या दाव्यांचं हापूसच्या पेटीसारखं झालंय. पेटीवर ‘देवगड’ छापलेलं, आत कर्नाटकाचा माल. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं तरी वाशीच्या बाजारात पेटी उघडून वास घेतल्याशिवाय आमचा माणूस पैसे देत नाही.

चौथी सीट | सकाळी १०.१०

मी जरा गाजरगवत पेरतो.

कणकवलीचा चाकरमानी, डोंबिवलीत राहतो, एका बँकेत संगणक सुरक्षेचं काम. १९ जुलै २०२४ आठवतोय का? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास फिरत होते. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले. मायक्रोसॉफ्टने तेव्हा काय सांगितलं? २००९ मध्ये युरोपला शब्द दिला होता की आमच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला विंडोजच्या गाभ्यात जितकी वाट आहे तितकी इतरांनाही देऊ, म्हणून ती वाट बंद करता येत नाही. ॲपलने मॅकवर ती वाट आधीच अरुंद करून ठेवली होती. त्या दिवशी मॅक चालू होते.

दुसरं, सिग्नल हे मेसेजचं ॲप. त्यांना कुणी लबाड कंपनी म्हणणार नाही, नफ्यासाठी चालतच नाही. व्हॉट्सॲपशी जोडून घ्यायला सिग्नल आणि तसंच दुसरं ॲप थ्रीमा, दोघेही नाही म्हणाले. कारण? मेसेजचं कुलूप एकच असलं तरी कोण कुणाशी कधी बोललं याची नोंद दुसऱ्याच्या घरी जाते, आणि सिग्नल ती नोंद ठेवतच नाही. म्हणजे खाजगीपणा खरोखर पाळणारेसुद्धा जोडणीला नाही म्हणतायत. कड्यावरचे, ही पण शुद्ध थाप का?

निवृत्त लाईनमन | सकाळी ११.४५

इंटरऑपरेबिलिटी हा शब्द मोठ्याने वाचताना माझी कवळी दोनदा हलली. पण विषय माझ्या खात्याचा आहे, म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं खांबावर चढलोय, संगमेश्वर ते लांजा.

अमेरिकेत टेलिफोनची एकच बलाढ्य कंपनी होती, एटी अँड टी. तिचा नियम, आमच्या फोनला आमची नसलेली कुठलीही वस्तू लावायची नाही. तिथे हश-ए-फोन नावाची एक वस्तू मिळायची. वस्तू कसली, बोलायच्या तोंडावर बसवायचा पेला. तुमचं बोलणं शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये, एवढंच त्याचं काम. कंपनीने विरोध केला, म्हणे यामुळे टेलिफोन सेवा बिघडेल. १९५६ मध्ये कोर्टाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. म्हणजे बघा, माणूस स्वतःच्या पैशाने खाजगीपणा विकत घेत होता आणि कंपनी त्याला सुरक्षेचं नाव सांगून अडवत होती! आज सुरक्षा आणि खाजगीपणा एकाच पिशवीतून विकतात, तेव्हा दोघांना समोरासमोर उभं केलं होतं.

पुढे १९६८. कार्टरफोन नावाचं यंत्र, टेक्सासमधल्या तेलविहिरींवरच्या माणसांचा वायरलेस टेलिफोनला जोडणारं. हर्णैकर, तुमच्या बोटीवरून थेट घरच्या फोनवर, असं समजा. कंपनीचं पालुपद तेच, जाळ्याला धोका. तिथल्या दूरसंचार आयोगाने सांगितलं, जाळ्याला खरोखर इजा होत नसेल तर जोडू द्या. त्यातूनच पुढे मोडेम, फॅक्स, आन्सरिंग मशीन घराघरांत गेली. जाळं काही कोसळलं नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर नंबर पोर्टिंग. २० जानेवारी २०११ पासून देशभर, तेव्हा फी १९ रुपये. त्याआधी कंपनी बदलायची म्हणजे नंबर गेला, आणि नंबर गेला म्हणजे मुंबईच्या भावाने दोन वर्षं चुकीच्या माणसाला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. कड्यावरच्यांचे अभिप्राय म्हणजे त्यांचा नंबरच की.

आणि निसर्ग वादळ, ३ जून २०२०. मी तेव्हा दापोलीत मुलीकडे. आठवडे अंधार. टेकडीवर एका कंपनीचा टॉवर जिवंत, तर त्यांचीच सिमवाली माणसं वर चढून बोलायची, बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत. अशा वेळी कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून बोलता येईल अशी इंट्रा सर्कल रोमिंगची तजवीज असते, आणि अलीकडच्या वादळांत दूरसंचार विभाग ती चालू करायला लावतो. तेव्हा कुणी खाजगीपणाचं नाव काढत नाही.

माशाचा सार | दुपारी १२.०२

काकानु, कवळी सांभाळा. आज रविवार, सुरमय आसतली.

सुरंगी | दुपारी १.२०

चौथी सीट यांचे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. पहिल्यात एक मेख आहे. मायक्रोसॉफ्टने दिलेला शब्द ‘आम्हाला जितकं तितकं तुम्हाला’ असा होता. मायक्रोसॉफ्ट स्वतःचं सुरक्षा सॉफ्टवेअर गाभ्याबाहेर नेऊन इतरांनाही बाहेर बसवू शकत होती, त्याला हा शब्द आड येत नव्हता. स्वतः आत बसायचं असलं की मग इतरांना आत घ्यावं लागतं.

सिग्नलचं मात्र पटलं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच की कायद्याने सिग्नलवर सक्ती केलेली नाही. लहानांनी हात पुढे केला तर मोठ्याने धरायचा, असा तो नियम आहे. सिग्नलने हात खिशात ठेवला, तो त्यांचा हक्क. ॲपल मात्र हात खिशात ठेवून वर तुमच्याच भल्यासाठी म्हणते.

चौथी सीट | दुपारी १.५०

मेख मान्य. पण यूपीआयचं काय? २०१६ मध्ये सुरू झालं, कुठलंही ॲप, कुठलीही बँक, आदर्श इंटरऑपरेबिलिटी. हर्णैला लिलावाच्या बाजूला बसणाऱ्या मावशीच्या पाटीवर एकच क्यूआर, पैसे कुणीही कशानेही द्यावेत. तरी आज ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांकडेच. एकाने ३० टक्क्यांवर जायचं नाही ही मर्यादा २०२० मध्ये ठरली, तिची मुदत ढकलत ढकलत ३१ डिसेंबर २०२६ वर आलीय. दारं उघडली तरी गर्दी दोनच घरांत.

हर्णैकर | दुपारी २.३०

दोनच घरांत असेल, पण मावशी उद्या तिसऱ्या घरात गेली तरी तिचे पैसे थांबत नाहीत. आधी वॉलेटवाले होते तेव्हा तिच्याकडे तीन स्टिकर होते आणि गिऱ्हाईक चौथंच ॲप काढायचं.

वाशिष्ठीकाठची | दुपारी ४.०५

चिपळूणला वकिली करते. कड्यावरचे, तुमच्या तक्रारीवर आधी बोलते.

युरोपात तुमच्यासाठी कलम आहे. त्याच कायद्यात म्हटलंय की गेटकीपरच्या मंचावर धंदा करणाऱ्याला त्याच्या धंद्यातून तयार झालेली माहिती मागितल्यावर फुकट मिळाली पाहिजे. वैयक्तिक माहिती असेल, उदाहरणार्थ नंबर, तर ती गिऱ्हाइकाची संमती असेल तरच. हॉटेल बुकिंगमधली एक कंपनीही मे २०२४ मध्ये गेटकीपरांच्या यादीत गेली. पाहुण्याला विचारायचं, ‘घरमालकाला नंबर देऊ का?’ आणि तो हो म्हणाला तर द्यायचा. इतकं साधं आहे.

आपल्याकडे? २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात स्वतःची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातही नाही. युरोपासारख्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, त्याचा अजून कायदा झालेला नाही. त्यामुळे पोर्टलच्या ‘शक्य नाही’ला कोर्टात ओढायचं तर मला आधी कलम शोधावं लागेल.

स्पर्धा आयोग मात्र गप्प बसलेला नाही. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये ‘आमच्या नव्या अटी मान्य करा नाहीतर ॲप सोडा’ असं सांगितलं होतं ना, त्यावर आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ ला मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती इतर मेटा कंपन्यांना देण्यावरची पाच वर्षांची बंदी काढली. मेसेज एन्क्रिप्टेड असतात हे खरंच. आतली चिठ्ठी कुणी वाचत नाही, पण पाकिटावरचे पत्ते पोस्टमन वाचतोच आणि आपल्या मालकाला सांगतो. कड्यावरच्यांच्या विमानाच्या तिकिटांसारखंच.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो फ्रान्सचा निकाल. ॲपलने २०२१ मध्ये इतर ॲपांवर सक्ती केली की माग काढण्याआधी माणसाला विचारा. उत्तम कल्पना, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ३१ मार्च २०२५ ला फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्याबद्दलच ॲपलला १५ कोटी युरो दंड केला. हेतूला त्यांनी नावं ठेवली नाहीत. पद्धतीला ठेवली. इतरांना दोनदा विचारायला लावायचं आणि स्वतःच्या ॲपांना वेगळी, सोपी वाट. माझ्यापुरती मी हीच कसोटी ठेवलीय: कंपनी स्वतःच्या बहिणीला तोच नियम लावते का? लावत असेल तर मी तिचं म्हणणं कान देऊन ऐकते.

तांबडी माती | दुपारी ४.२०

‘स्वतःच्या बहिणीला’ हे बेस्ट. पुढील लेखनास शुभेच्छा.

एकटी जास्वंद | संध्याकाळी ६.३०

वाचनमात्र असते, पण आज लिहिते, कारण इतका वेळ सगळे घरमालकाच्या बाजूने बोलतायत.

मी एकटी फिरते. कोकण किनारा रेवसपासून रेड्डीपर्यंत तुकड्यातुकड्यांत केलाय, स्कूटरवर. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणच्या मालकाने माझा नंबर बुकिंगवरून घेतला आणि मी परत आल्यावर दोन महिने रात्री अकरा वाजता ‘जेवलीस का’ विचारत राहिला. ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरवरून. नंबर लपवणारी पोर्टलं आली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. कड्यावरचे, तुम्ही भले असाल, पण बुकिंग करताना मला ते कसं कळणार? तुम्हाला ज्या फुल्यांचा राग आलाय, त्यांच्यामुळे मी परत एकटी बाहेर पडले.

कड्यावरचा | रात्री ८.१५

जास्वंदताई, वाचून अर्धा तास नुसता बसून होतो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मी एकटी गेले असते तर मीही नंबर दिला नसता.” वीस वर्षं घरात पाहुणे येतायत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हा वर जे ‘शुद्ध थाप’ लिहिलं ते मागे घेतो. फुल्या राहू देत. पण मग पूर्ण राहू देत, बहीण कंपनीसाठीही. आणि दरड पडली तर निदान पोर्टलने तरी त्या माणसाला फोन करावा. त्यांच्याकडे नंबर आहे, माझा निरोपही त्यांच्याच ॲपमध्ये पडून होता. सहा तास त्यावर कुणी बोट लावलं नाही. अभिप्रायांबद्दल मात्र मी हटत नाही. ते मागणारच.

वकीलबाई, तुमचं ते ‘पाहुण्याला विचारा’ आवडलं. बुकिंग आलं की ॲपमधून मी आता दोन ओळी पाठवतो: ‘रस्ता बंद झाला तर कळवायला नंबर हवा असेल तर अक्षरांत लिहा, नको असेल तर घाटाआधी पौडला चहाला थांबाल तेव्हा ॲप उघडून बघा.’ अक्षरांत लिहिलेल्या नंबरावर फुल्या पडत नाहीत. नऊ आठ दोन दोन असं लिहायचं. हे कुणी पोर्टलला सांगू नका.

माशाचा सार | रात्री ८.३०

सासू रागावलीहा.

हर्णैकर | रात्री ८.३४

:)) कॉपीराइट आमच्या तांडेलाचा.

चौथी सीट | रात्री ९.००

अक्षरांतले नंबर पकडायला यंत्राला दोन दिवस लागतील, तोवर मजा करा. कड्यावरचे, डिसेंबरात चार जण येतोय, खोल्या आहेत का? नंबर टाका इथे.

कड्यावरचा | रात्री ९.१२

इथे नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

एकटी जास्वंद | रात्री ९.२०

मलाही करा. ताम्हिणी चालू आहे ना आता?

कड्यावरचा | रात्री ९.२५

चालू आहे. आंबेतच्या पुढे रस्त्याला खड्डे आहेत, स्कूटर सावकाश. आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी कळवा, नारळ खवायला बायकोला वेळ लागतो.